व्हेंडर मास्टर

पुण्याहून आलेला तन्मय दांडेकर
पडद्यावर आमची फौंड्री दाखवतोय,
आमच्या फौंड्रीपेक्षा स्वच्छ.
निळी भट्टी, हिरवा साठा,
एकही कास्टिंग नापास नाही.
दौलतराव मान डोलावतात.
मी वही उघडते.

बावीस वर्षं या शिरोलीत खरेदी बघते मी.
भंगार वाजवून घेते.
वाळू तळहातावर चोळते,
हाताला माती लागली
की गाडी हायवेवरून माघारी.
पण हे काय चोळू, काय वाजवू?

वडील वडगावच्या बाजारात जनावरांचे दलाल.
उपरण्याखाली हात जायचा, बोटं बोलायची,
तोंड मिटलेलं, कारण बाजाराला कान असतात.
म्हैस आधी चालवून बघायचे, मग पिळून,
आणि सौदा तुटायच्या आत विचारायचे,
नाही लाभली तर परत कुणाच्या दावणीला?
लोक हसायचे.

तन्मयला मी तेच विचारते.
उद्या जमलं नाही तर आमचा डेटा
कोणत्या रूपात, किती दिवसांत, किती पैशांत परत?
तो म्हणतो, मॅडम, लग्नाआधीच घटस्फोट?
सगळे हसतात.
मला पलंग नंबर अकरा आठवतो.

भूपाल नेजकर. राजारामपुरी, सातवी गल्ली,
जिन्याखालची खोली, एक पंखा, दोन मॉनिटर.
आमचा सगळा हिशेब त्यानं एकट्यानं लिहिला.
करार नाही, कोटेशन नाही,
दिवाळीला एक पाकीट,
आणि रात्री दोनला फोन केला
तरी स्कूटरवरून हजर, स्वेटर उलटा.
पासवर्ड कुठं लिहून ठेवलाय, विचारलं
की कपाळाला बोट लावायचा.

त्याच कपाळात मार्चमध्ये रक्त फुटलं.

चार दिवस चलन निघेना.
ट्रक गेटवर, ड्रायव्हरांनी तिथंच चूल मांडली.
पाचव्या दिवशी मी सीपीआरला गेले.
तोंड वाकडं, वाचा गेलेली, डावा हात तेवढा जिवंत.
चादरीखाली हात घातला मी.
काय करतेय, ते मलाही उशिरा कळलं.
त्यानं बोटं धरली.
एकदा दाबलं. थांबला.
मग चार वेळा.
शून्याला नुसती मूठ.
आठ आकडे, पाऊण तास.
त्याची बायको खिडकीबाहेर बघत राहिली.

आकडे वाचून दौलतराव खाली बसले.
त्यांची पहिली भट्टी पेटली ती तारीख.
कुणीही फोडला असता इतका सोपा,
चार दिवसांत आमच्यातल्या कुणाला सुचला नाही.

कलम सतरा त्या चादरीखालून आलंय,
हे मी तन्मयला सांगत नाही.
दरवाढ वर्षाला पाच टक्क्यांच्या आत.
सोर्स कोड तिऱ्हाइताकडे ठेव.
शेवटचा हप्ता
पहिला महिना बिनचूक बंद झाल्यावर, आधी नाही.
तो घाम पुसतो. पोरगं चांगलं आहे,
दुसऱ्या चहाला आपणहून म्हणाला,
मॅडम, तो हिरवा साठा खरा नाही, नमुन्याचा आहे.
त्या वाक्याला मी दोन गुण जास्त दिले.
गुणतक्त्यात तसा रकाना नव्हता,
पेनानं आखला.

आता जूनअखेर.
चारशे बारा जुने पुरवठादार नव्या यादीत ओढतोय,
बुडालेले, मेलेले, दोनदा नोंदलेले,
एक तर आमच्याच गेटसमोरचा चहावाला, कोड दोनशे सहा.
नेजकर, कोड एकोणीस.
आता डाव्या हातानं जेवतो, म्हणे.
यंत्र विचारतं,
सक्रिय, निष्क्रिय, की काळ्या यादीत?
मी निष्क्रिय दाबते.
कारण?
रिकामं सोडू देत नाही.
बाहेर दुसऱ्या पाळीचा भोंगा होतो.
मी एक टिंब देते.
चालतं.